पडद्यावर वाढलेली बांगडी

आमच्याकडे कोणी आलं की चहा टाकायच्या आधी मी टीव्ही लावते. बातम्यांसाठी नाही. आमच्या टीव्हीवर एक शोभादर्शक चालतो, हिरव्या, जांभळ्या, डाळिंबी काचांचा, आणि तो मी स्वतः कोड लिहून केलेला आहे. मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, "मम्मा, इनफ लाह, एव्हरीबडी ऑलरेडी नोज." नवरा म्हणतो, एसी धुवायला आलेल्या माणसालाही सोडलं नाहीस. नाही सोडलं. तो शिडीवरून उतरून, ओला फडका हातात धरून चांगला बराच वेळ बघत उभा राहिला होता. पन्नाशी उलटलेल्या, जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलेल्या बाईने एवढी फुशारकी मारली तर बिघडलं कुठे?

मी इथे सिंगापुरात, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघते. सकाळी घराजवळच्या बेडोकहून एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आउट्रम पार्कला गाडी बदलायची, संध्याकाळी तेच उलट. एक्सेलमध्ये माझा हात धरणारं आमच्या ऑफिसात कोणी नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगते. पण कोडिंग हा प्रांत नवऱ्याचा आणि मुलीचा. नवरा एका बँकेच्या आयटीत, मुलगी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरवरचं डिझाइन शिकते. जेवताना ती दोघं त्यांच्या भाषेत बोलायला लागली की मी मधेच मीठ हवंय का विचारायची, एवढाच माझा सहभाग.

मग गेल्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली. दिवाळी इथे करून परत जायचं, असं ठरवून आणि परतीचं तिकीट काढूनच आली. ती कुणाच्या घरी पाहुणी म्हणून फार रमत नाही, लेकीच्या घरी तर नाहीच.

आईचं कराडला बांगड्यांचं दुकान होतं. माल आणायचे बाबा, पण गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरायची ती आई. एखाद्या नवरीचा हात घट्ट असला की आई तिला सासरच्या गप्पांत गुंतवायची, बोलता बोलता अंगठ्याखालचं हाड दाबून धरायची, आणि सासूचं वर्णन संपेपर्यंत अख्खा चुडा मनगटात गेलेला असायचा. पोरीला कळायचंही नाही. मी त्याच दुकानातल्या बाकावर बसून पाढे पाठ केले. आता तिथे भावाने गाळा भाड्याने दिलाय आणि मोबाइलची कव्हरं लटकत असतात.

तर ही माझी आई चांगी विमानतळावर उतरली ती मान तिरकी करूनच. तिच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. समोर जिथे बघायला जावं तिथे नेमका करडा डाग, आणि बाजूचं मात्र दिसतं. इंजेक्शनं घेऊन झाली होती. निघताना डॉक्टरने सांगितलं होतं की आहे ते टिकेलच असं नाही. आई हे सगळं चेष्टेवारी नेते. "मला आता माणसांचे कान दिसतात, नाक दिसत नाही," म्हणते. "बरंय, नाकं मुरडलेली कळत नाहीत."

तिच्या बॅगेतून लोणच्याच्या आधी निघाली ती काचांची बरणी. दुकानात माल उतरवताना, हातात भरताना जे तुकडे पडायचे, ते तिने वर्षानुवर्षं साठवले होते. लहानपणी आम्हाला त्यांचा शोभादर्शक करून द्यायची. आरशाच्या तीन पट्ट्या, वर कॅलेंडरचा जाड कागद, एका टोकाला तुकडे. आता नातीला करून द्यायचा होता. नात वीस वर्षांची घोडी झाली आहे, हे आजीच्या हिशेबात बसत नव्हतं.

पण नातीलाच जास्त हौस. रविवारी आम्ही बेडोकच्या मार्केटजवळच्या हार्डवेअरवाल्या अंकलकडून आरशाच्या पट्ट्या कापून आणल्या. तो पट्ट्या कागदात गुंडाळत म्हणाला, "सो स्मॉल, फॉर व्हॉट?" मुलीने त्याला कॅलिडोस्कोप म्हणून सांगितलं तर त्याने कडा घासूनही दिल्या. डायनिंग टेबलावर आईने बोटांनी चाचपत पट्ट्या जुळवल्या, मुलीने टेप लावली, मी झाकण बसवलं. झाला. मुलीने डोळ्याला लावला आणि "वाऽऽ" म्हणून ओरडली. नवऱ्याने बघितला. मी बघितला, आणि क्षणभर खरंच कराडच्या बाकावर जाऊन आले.

मग आईने डोळ्याला लावला. नळी फिरवली, पुन्हा फिरवली, आणि खाली ठेवत म्हणाली, "छान झालंय हो."

मी तो आवाज ओळखते. दुसऱ्या दुकानातून बांगड्या भरून कोणी बाई आमच्या दुकानावरून जाताना हात पुढे करून दाखवायची, तेव्हा आई नेमक्या याच आवाजात "छान आहेत हो" म्हणायची. त्या 'हो'मध्ये सगळं असायचं. गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही आणि स्वतःचं काही सांगायचंही नाही.

संध्याकाळी ती गॅलरीत बसलेली असताना मी सरळ विचारलं, "आई, तुला दिसलं नाही ना काही?"

"अगं, त्याचं भोक मधे," ती म्हणाली, "आणि माझं मधलंच गेलंय. चालायचंच. तुम्ही बघितलंत ना?"

मला ते 'चालायचंच' सहन झालं नाही. जिने आयुष्यभर रंग विकले तिने नळीत डोळा घालून करडा डाग बघायचा आणि वर आम्हाला बरं वाटावं म्हणून छान म्हणायचं? मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी राग आला की काहीतरी ठरवते, ही माझी जुनी खोड. मी ठरवलं, की दिवाळी व्हायच्या आत, आई विमानात बसायच्या आत, ती तिच्या बांगड्यांचा शोभादर्शक बघणार. नळीतला नाही तर टीव्हीतला. आमचा टीव्ही चांगला भिंतभर आहे, नवऱ्याने क्रिकेटसाठी घेतलेला.

नवरा लगेच म्हणाला, "दे इकडे, अर्ध्या तासात करून देतो."

"तुझ्या अर्ध्या तासात तो तुझा होईल," मी म्हटलं. "माझ्या आईसाठी आहे. मी करणार."

"तुला कोडिंग येत नाही."

"तुला बायकोशी बोलता येत नाही, तरी चाललंय ना?"

मुलगी हसली आणि लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला. "कॅन लाह, मम्मा. इट्स जस्ट नंबर्स." ती हे सहज बोलून गेली, पण माझी निम्मी भीती तिथेच पळाली. आकड्यांना मी कधीच घाबरले नाही. तिने मला एक ठिपका काढायला शिकवलं, मग रेघ, मग कमान. बांगडीचा तुकडा म्हणजे शेवटी काय, एक कमानच. जाडी किती, वाकण किती, रंग कोणता, सगळं आकड्यांत सांगायचं. रोज ऑफिसातून आले की पदर खोचून बसायची. पदर नसतो, पण बसायची तशीच.

शोभादर्शकाची युक्ती ऐकायला सोपी आहे. कलिंगडाची एक फोड काढायची, म्हणजे त्या आकाराच्या जागेत काचांचे तुकडे मांडायचे. तिच्या शेजारी तीच फोड आरशात दिसेल तशी उलटी. मग ही जोडी फिरवत फिरवत गोल पुरा करायचा. एका फोडीत तुकडा हलवला की सगळ्या फोडींत हलतो. आरसे नाहीतच, आरशांची सोंगं आहेत.

पण मी पहिल्यांदा फोड उलटी करायलाच विसरले. त्यामुळे काचा एकमेकींसमोर उभ्या राहायच्या त्या एकमेकींच्या पाठी धावायला लागल्या, जत्रेतल्या भिंगरीसारख्या. मुलीला भिंगरीच आवडली, मी ती तिला ठेवू दिली नाही. नंतर दुसरीच पंचाईत. कॉम्प्युटर फोड तिरकी काढतो म्हणजे काय, तर कागदच फिरवतो. काढून झालं की कागद पुन्हा सरळ कर, असं त्याला दर वेळी सांगावं लागतं. मला वाटलं, एवढं तर सांगायला नको. नको कसं! माझे तुकडे पडद्याबाहेर कुठे उधळले देव जाणे. मी त्या लॅपटॉपला चार शब्द अस्सल कराडी सुनावले. आई आतून म्हणाली, "कोणाला गं शिव्या देतेस?" म्हटलं, एका आज्ञाधारकाला.

आणि एके दिवशी तो जमला. एमआरटीत उभी असताना मला चूक कुठे आहे ते सुचलं आणि घरी येऊन चपलासुद्धा न काढता मी ती दुरुस्त केली. पडदा थरथरला आणि मधोमध एक फूल उमललं, हिरवं आणि डाळिंबी, पाकळी पाकळीत माझ्या काचा. मी काढलेल्या. ज्या बाईला फोनवरचं अॅप अपडेट करायला मुलगी लागते, तिने. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की शेजारच्या चिनी आजी जाळीच्या दारातून डोकावून गेल्या.

केबल लावली, टीव्हीवर घेतलं, आईला सोफ्यावर बसवलं. सगळे तिच्याकडे बघत होतो. तिने मान एका बाजूला तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला.

"छान झालंय हो," आई म्हणाली.

काय दिसतंय विचारलं तर म्हणाली, "रंग आहेत. काहीतरी हलतंय बारीक बारीक." माझं फूल नेमकं मधोमध होतं, तिच्या डागाच्या पाठीमागे, आणि तुकडे तिळाएवढे. मी तुकडे मोठे केले तर ते एकमेकांवर चढून नुसता रंगांचा लगदा झाला. टीव्हीच्या कडेला सरकवले तर फूलच मोडलं. नवऱ्याने तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून मिटलं. त्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्यांवर खेकसले. दिवाळीची खरेदी तोंडावर आली होती आणि आईने बॅगेत एकेक वस्तू भरायला सुरुवात केली होती.

मग तो दिवस. ऑफिसातून येत होते, लिफ्टमधून बाहेर पडून कॉरिडॉरमध्ये वळले तर आमच्या दारातून आईचा आवाज ऐकू आला. "आली! आली, आली... गेली! आता जांभळी येणार बघ." असा आवाज मी दुकानात सणासुदीची गर्दी असतानाच ऐकला होता.

आत गेले तर आई सोफ्याच्या अगदी टोकाला, मान तिरकी, हात गुडघ्यांवर. टीव्हीवर माझा शोभादर्शक होता आणि माझा नव्हताही. माझ्या फोडी जागेवर होत्या. पण मधोमध प्रत्येक फोडीत टिकलीएवढी एक बांगडी उगवायची, अख्खी, आणि मोठी मोठी होत जायची. शेजारच्या फोडीतल्या आपल्या बहिणीत अडकायची, त्यातून नवी नक्षी पडायची, आणि ती सगळी साखळी वाढत वाढत टीव्हीच्या कडेपर्यंत येऊन बाहेर निघून जायची. तिच्या पाठोपाठ दुसऱ्या रंगाची.

आधी माझ्या डोक्यात तिडीकच गेली. एवढे दिवस एकेक आकडा दाताने धरून बसवलेला माझा कोड! "कोणी हात लावला याला?"

"मम्मा, डोन्ट बी अँग्री," मुलगी म्हणाली. "आज्जीनेच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"शी सेड, तुकडे आधीच कशाला, आधी अख्खी बांगडी दाखव आणि मग ती वाढव. सो आय वाढवली, लाह."

मी तिच्याकडे बघत राहिले आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. तिथेच भिंतीला टेकून बसले. आमच्या दुकानात 'फुटली' हा शब्द कोणी उच्चारत नसे. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटत नाही, ती वाढते. फुटली म्हणणं अशुभ. गिऱ्हाईक तसं चुकून म्हणालं तरी आई पटकन "वाढली म्हण, बाई" असं दटावायची. तिला नातीला सांगायचं होतं, की बांगडी आधी अख्खी दाखव आणि मग तिचे तुकडे कर. पण ही पोर सिंगापुरात जन्मलेली. तिला 'वाढव' माहीत आहे तो आजीच्या मालिकांमुळे. रोज संध्याकाळी आजी सांगते, "आवाज वाढव गं." ती वाढवते. तशीच बांगडी वाढवली.

मी मुलीला हे समजावून सांगितलं तर तिचा चेहरा पडला. "सो इट्स राँग? आय चेंज बॅक?"

"खबरदार!" आई म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. "माझ्या हातून दुकानात किती वाढल्या त्याला हिशेब नाही. पण अशी डोळ्यांदेखत वाढणारी बांगडी मी आज बघतेय. राहू दे तशीच."

ती बघतेय म्हणाली. मला विश्वास ठेवायचा होता आणि धीर होत नव्हता. तिचा स्वभाव मला माहीत. नातीचा चेहरा पडलेला नुसत्या आवाजावरून ओळखून ती वाटेल ते म्हणाली असती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. एक बांगडी डागामागून निघून कडेला आली आणि आईची मान तिच्यासोबत वळली. अगदी बरोबर तिच्यासोबत. मी ती आता 'छान झालंय हो' म्हणते का, याची वाट बघत होते.

आईने तोंड वाकडं केलं. "हा हिरवा चुकलाय."

"काय?"

"हा हिरवा. कोणी निवडला? पोपटी झालाय अगदी. चुड्याचा हिरवा असा असतो होय? इतकी वर्षं दुकानात बसलीस आणि एवढं कळेना तुला?"

ऑफिसात कोणी माझ्या कामात चूक काढली तर मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलत नाही. त्या संध्याकाळी मात्र माझे डोळे वाहायला लागले. मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं आजी रागावली म्हणून. तिला काय सांगणार? दुसऱ्याच्या दुकानातल्या मालाला आईने कधी नाव ठेवलं नाही. नावं ठेवायची ती फक्त आपल्या मालाला, आणि तीही उजेडात नीट न्याहाळून. तिला हिरवा दिसत होता. चुकलेला हिरवा दिसत होता! आणि तो मी काढलेला होता, माझ्या लेकीने तिच्यापर्यंत पोचवलेला होता. मला त्या क्षणी आम्हा तिघींचा इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना, म्हणून मी नाक पुसलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"सांग," म्हटलं. "किती गडद करू?"

"कर, मी सांगते."

हिरव्याचा आकडा मी खाली आणला, चिमूटभर निळा घातला. पडद्यावर नवी बांगडी उगवली, मोठी होत कडेला आली. आई मान तिरकी करून थांबली होती. "अजून," ती म्हणाली. मी अजून खाली आणला. "अजून थोडा. अगं, एवढा नको, काळा केलास. माघारी ये." मी माघारी आले. मुलगी आमच्या पायाशी येऊन बसली होती. नवरा दारातून आला तो बूट हातात घेऊनच उभा राहिला, कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. पुन्हा एक बांगडी निघाली, वाढत वाढत सोफ्याच्या बाजूच्या कडेपर्यंत आली. आई जरा पुढे झुकली. तिचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला, बोटं जुळली, पुढ्यात कोणाचं तरी मनगट असावं तशी.

"हां," ती म्हणाली. "हा माल मी दुकानात लावला असता."